पाणी झालं का?

कोळ्याला पोहता येतं का, असा प्रश्न तुम्ही आयुष्यात कधी कोणाला विचारलाय? नाही ना? मीपण नाही विचारला. तिथेच वाट लागली.

मी जया. जोगेश्वरीची. वडील मालवणातून गिरणीत आले, गिरणी गेली, आम्ही राहिलो. एकोणतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पीटीची बाई होते. आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला उभं असलेलं पोरगं इकडे शेंबूड पुसायचं. निवृत्त झाले तरी मला कोणी नुसतं बसलेलं बघवत नाही. म्हणून दर रविवारी सकाळी जुहूच्या वाळूत वीस-पंचवीस माणसं पळवते. बँकवाले, वकील, दोन डॉक्टर. सगळ्यांना सारख्याच शिव्या देते आणि सगळे परत येतात.

नितेश त्यांच्यातला नव्हता. नितेश आमचा मासेवाला. खारदांड्याचा कोळी, काटक, बोलायला कमी. बंदरावरून मासळी घ्यायची, बर्फाच्या खोक्यात भरायची, खोका सायकलच्या कॅरिअरला बांधायचा आणि अंधेरी-जोगेश्वरीत घरोघर पोचवायची, हा त्याचा धंदा. मोटारसायकल का घेत नाहीस म्हटलं तर म्हणायचा, "सायकल बंद पडत नाय, बाई."

दोन वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आठवडाभर बंद होती. मी सातव्या मजल्यावर. दाराची बेल वाजली, उघडलं तर हा उभा, खांद्यावर पंचवीस किलोचा खोका. खाली ठेवून आला असता तर कोणी नेला असता म्हणे. मी सवयीने त्याच्या छातीकडे बघितलं. हलत नव्हती. सात मजले चढून आलेला माणूस बोंबलाचा भाव असा सांगत होता, जसा काही पलंगावरून उठून आलाय.

"नाडी दे," म्हटलं.

"काय देऊ?"

मनगट धरलं आणि घड्याळ बघितलं. शहाऐंशी. गे बाय माझे! माझ्या ग्रुपमधला कृणाल, ज्याच्या हातातलं घड्याळ त्याची झोपसुद्धा मोजतं, तो दोन मजल्यांत एकशे चाळीस जातो.

पुढच्या रविवारी त्याला जुहूला बोलावून घेतलं. आला, फाटक्या चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी बारा किलोमीटर पळाला. कृणाल बघतच राहिला. हा कृणाल बँकेत मोठ्या पदावर, पस्तिशीचा, मनाने चांगला पण उत्साह फार. आदल्याच वर्षी त्याने लांब पल्ल्याची ट्रायथलॉन केली होती. म्हणजे समुद्रात दोन किलोमीटर पोहायचं, बाहेर आलं की नव्वद किलोमीटर सायकल, ती टाकली की एकवीस किलोमीटर पळायचं. एकामागोमाग, मध्ये चहासुद्धा नाही. पुढची स्पर्धा फेब्रुवारीत होती, खाली कोकणात. हातात आठ महिने.

"नितेशभाई, तुम्ही करणार ही," कृणाल म्हणाला. "झकास होईल यार. सायकल तुमची रोजचीच, पळणं हे असं, आणि पोहायचं तर काय, तुम्ही कोळी!"

नितेशने विचारलं, "खुल्या दर्यात पवायचं?"

"हो मग. डबक्यात नाही."

तो समुद्राकडे बघत राहिला. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. मग म्हणाला, "करतो." मला वाटलं आनंद झाला असेल.

आता माझी एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला पोहता येत नाही. पीटीची बाई असले म्हणून काय झालं, आमच्या शाळेत पिण्याच्या पाण्याची बोंब, तलाव कुठून येणार? कबड्डी, खो-खो, लांब उडी, काय हवं ते विचारा. पोहणं नाही. हे मी ग्रुपमध्ये कधी कोणाला कळू दिलं नव्हतं. म्हणून सायकल आणि पळणं मी माझ्याकडे घेतलं आणि पोहण्याचं काय ते त्याच्यावर सोडलं. "ते तुझं तू बघ रे, तुझं घरच तिथे आहे," म्हटलं. फक्त रोज सकाळी फोन करायचे.

"पाणी झालं का?"

"झालं बाई. पावणेपाचचं होतं."

दुसऱ्या दिवशी, "पाणी?" "साडेपाचचं." तिसऱ्या दिवशी सव्वासहाचं. मी वहीत लिहीत गेले. रोज पाऊण तास पुढे! एवढी शिस्त मी एकोणतीस वर्षांत एका पोराची बघितली नव्हती. कृणालला वही दाखवली तर तो म्हणाला, हा शरीराला वेगवेगळ्या वेळांची सवय लावतोय, परदेशात असंच करतात. त्याने स्वतःचा गजर पाऊण-पाऊण तास पुढे सरकवायला सुरुवात केली आणि आठव्या दिवशी ऑफिसात झोपला.

कधी विचारलं, "आज कितीपर्यंत गेलास?" तर नितेश म्हणायचा, "आज उधाण होतं, पार बंदराच्या भिंतीला लागलं." मी लिहिलं: भिंतीपर्यंत.

एकदा खारदांड्याला त्याच्या गल्लीत गेले होते. जाळी विणत बसलेले दोघे-तिघे हसून ओरडले, "ए सुकट, तुझी बाई आली!" सुकट म्हणजे तो वाळवलेला जवळा. मला वाटलं, अंगाने वाळका म्हणून चिडवतात. मी त्यांनाच सुनावलं, "सुकट काय म्हणता रे, फेब्रुवारीत बघा तुमच्या सुकटीला!" ते आणखी हसले. नितेश मान खाली घालून सायकलची साखळी बघत होता.

डिसेंबर आला. सायकल नव्वदच्या जागी एकशे दहा झाली, पाठीमागे खोका बांधून. पळणं झालं. ग्रुपमधले सगळे त्याच्या पाठीवर थाप मारून विचारायचे, "काय नितेश, तयार?" आणि तो म्हणायचा, "तयार." मीसुद्धा छाती काढून फिरत होते. खोटं कशाला बोलू, मला माझाच फार अभिमान वाटत होता.

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी कृणालला वाटलं, पोहण्याचा नेमका वेळ घेऊ या. अंधेरीत त्याच्या ओळखीचा एक तरणतलाव होता, तिथे गेलो. मी काठावर, गळ्यात शिट्टी. कृणाल घड्याळ घेऊन. नितेश नवी चड्डी आणि डोळ्यांवर चष्मा लावून कडेला उभा.

"बाई, खोल किती हाय?"

"दर्यात विचारतोस का खोल किती? मार उडी."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. हात जोडले, कोणाला ते कळलं नाही, आणि उडी मारली.

खाली गेला. आम्ही मोजतोय. पाच. दहा. कृणाल हळूच म्हणाला, "काय फुप्फुसं आहेत यार!" पंधरा. मी म्हटलं, "कोळी आहे तो." अठराला पाण्यावर एक हात आला, बोटं ताणलेली, आणि परत आत गेला. तो हात पोहणाऱ्याचा नव्हता. मी शिट्टी तोंडात धरली आणि मला फुंकता येईना. आयुष्यभर जी शिट्टी वाजवली ती वाजेना. तलावाच्या जीवरक्षकाने केव्हा उडी घेतली ते मला दिसलंसुद्धा नाही. नितेशला वर काढून पालथा घातला तेव्हा मी तिथेच ओल्या लादीवर बसले.

त्याने पाणी ओकलं, खोकला, आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"बाई, मना पवायला येत नाय."

मालवणीत म्हणतात तशी शिरा पडली माझ्या तोंडावर. "मग रोज सकाळी पाणी पाणी करत होतास ते काय होतं रे?"

"भरतीचं पाणी, बाई. गिऱ्हाइकं इचारतात तसं. पाणी झालं का, म्हंजे होड्या लागल्या का, मासळी आली का."

माझ्या डोक्यात आठ महिन्यांची वही फडफडली. पावणेपाच, साडेपाच, सव्वासहा. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. भिंतीला लागलं ते भरतीचं पाणी लागलं. आणि मी, मालवणच्या माणसाची मुलगी! पण मी वाढले जोगेश्वरीच्या चाळीत, तिथे पाणी म्हणजे नळाचं. कृणाल आपल्या घड्याळाकडे असा बघत होता, जणू त्यानेच दगा दिला.

"तुला कळलं नाही मी काय विचारते ते?"

"पयल्या आठवड्यात कळलं," तो म्हणाला. "पन तोवर कृणालशेठचं सगल्यांना सांगून झालेलं. आन् मंग समदेच बोलायला लागले, नितेश तयार, नितेश तयार. आईशप्पत बाई, मनाबी वाटायला लागलं. मनलं, बाकी सगलं एवढं झालंय तर ह्येबी होईल. उडी मारली की हात-पाय आपसूक हालतील. कोळीच ना मी."

मी त्याला तिथे काय काय बोलले ते लिहीत नाही. मेला असतास, हे मात्र दहादा बोलले. बोलता बोलता रडले, तेही सांगते. कारण राग त्याच्यावर कमी होता. आठ महिने मी एक साधा प्रश्न विचारला नव्हता, कारण मला भीती होती की तो उलट मला विचारेल, बाई, तुम्हाला येतं का?

मग शिकला का नाहीस म्हटलं, तर म्हणाला, नवस आहे. तो सहा वर्षांचा असताना त्याचा बाप बळवंत मासेमारीला गेला. होडी परत आली, बळवंत आला नाही. तेव्हा आईने एकवीरा देवीला नवस बोलला की ह्या पोराला पाण्यात घालणार नाही. तेव्हापासून हा गुडघ्याच्या वर समुद्रात गेला नव्हता. नारळी पौर्णिमेला सगळा कोळीवाडा पाण्यात उतरतो, हा काठावरून नारळ दुसऱ्याच्या हातात द्यायचा. म्हणून सुकट. कोरडा.

"आणि तरी करतो म्हणालास?"

"एकदा जाऊन यायचं होतं, बाई. बाबा हाय तिथं."

मी तशीच त्याला घेऊन खारदांड्याला गेले. त्याची आई वनमाला बाजारात फळीवर बसली होती, पुढ्यात सुरमई, हातात कोयता. सत्तरीकडे झुकलेली बाई, पण आवाजात माझ्या वरताण. तिने ओल्या केसांच्या लेकाला बघितलं.

"काय झाला रं?"

मी सगळं सांगितलं. तलावाचं सांगताना तिचा कोयता थांबला. मी म्हटलं, "वनमालाताई, नवस मोडायला सांगत नाही मी. पण तुम्ही याला पाण्यात जायचं नाही असं..."

"पानी?" ती म्हणाली. "पानी कोन बोल्लं?"

"आये," नितेश म्हणाला, "तूच एकवीरा आईला बोल्लीस..."

"मी बोल्ले, ह्याचा पाय होडीला लागू देनार नाय. होडी! कारल्याच्या देवळाच्या पायरीवर उभी राहून बोल्ले, माझ्या बाजूला तुझी आत्या होती. पानी कवा बोल्ले मी? पान्यात नको जाऊ तं सगल्याच आया बोलतात रं, त्यो काय नवस हाय?"

नितेशचा चेहरा मला बघवेना. बत्तीस वर्षं त्या माणसाने जो नवस पाळला, तो कोणी बोललेलाच नव्हता.

"आये, मी अडतीस वर्षांचा झालो," एवढंच म्हणाला.

वनमालाने सुरमईचा तुकडा उगाच इकडचा तिकडे केला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मना ठावं होतं तू पान्यालाबी घाबरतंस. मना वाटलं व्हतं तू नवस भलताच समजलायंस. बोल्ले नाय. बरं वाटायचं मना."

तो वळून निघून गेला. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. कळूनही गप्प बसणारे आम्ही तिघंही तिथे एकाच फळीभोवती जमलो होतो, कोण कोणाला बोलणार?

पाच दिवस नितेश मासळी घेऊन आला नाही. फोन उचलला नाही. फेब्रुवारीची स्पर्धा गेली ती गेलीच. सहाव्या दिवशी बेल वाजली. बोंबील घेऊन उभा. "बाई, पवायला शिकवा."

"मला येत नाही," मी म्हटलं.

त्याचे डोळे एवढे मोठे झाले की मला त्या अवस्थेतही हसू आलं. मग तोही हसायला लागला. दारातच बसून, पोट धरून. "आठ म्हैने! आठ म्हैने तुमी मना..."

"गप रे. कोणाला सांगू नकोस."

शेवटी कृणालने शिकवलं, आम्हा दोघांनाही. तलावाच्या उथळ टोकाला पाच-पाच वर्षांची पोरं, त्यांच्यात मी बासष्टची आणि हा अडतीसचा, कडेची नळी धरून पाय आपटतोय. एक पोरगी मला म्हणाली, आजी, श्वास सोडा ना, धरून का ठेवता. मी एक लांबी कशीबशी पार केली आणि तिथेच समाधान मानलं. नितेश मात्र थांबला नाही. पावसाळ्यापर्यंत चाळीस लांब्या झाल्या. नारळी पौर्णिमेला तो स्वतःचा नारळ घेऊन गळ्यापर्यंत पाण्यात गेला आणि सगळा कोळीवाडा बोंबलला, "सुकट भिजली रे!" वनमाला तेव्हा घरातून बाहेर आली नाही.

स्पर्धेला मात्र आली. पुढच्या फेब्रुवारीत, बसने, आमच्याबरोबर. आदल्या संध्याकाळी कृणाल नियम समजावत होता. पाण्यात जागोजागी छोट्या होड्या असतील. दमलात, पायात गोळा आला, तर होडीला हात धरून थांबायचं. परवानगी आहे. वर चढलात की संपलं, स्पर्धेतून बाद.

नितेशने फक्त आईकडे बघितलं. ती मान वळवून शेंगा सोलत होती.

सकाळी वाळूत उभा असताना मी विचारलं, "तयार?"

"नाय बाई," तो म्हणाला. "लय भीती वाटतेय." तेवढ्यात भोंगा झाला आणि तो इतरांबरोबर पळत पाण्यात शिरला. पाचशे केशरी टोप्या. थोड्या वेळाने आमची कोणती ते कळेना.

वनमाला समुद्राकडे पाठ करून बसली. "मी नाय बघनार. झालं की सांग." पाण्याला एक तास दहा मिनिटांची मर्यादा होती. चाळीस मिनिटांनी लोक बाहेर यायला लागले. पंचावन्न. कृणाल दुर्बीण लावून होता. एकाएकी म्हणाला, "बाई, एकजण होडीपाशी थांबलाय."

"नितेश?"

त्याने दुर्बीण डोळ्यांना आणखी दाबली. वनमाला उठली. वळली. नुसत्या डोळ्यांनी तिला काय दिसलं असेल देव जाणे, पण म्हणाली, "माझाच हाय."

होडीतला माणूस वाकून त्याला ओढत होता, वर ये म्हणून. केशरी टोपी नाही नाही करत होती. एक लाट आली, टोपी दिसेनाशी झाली. माझी शिट्टी गळ्यात होती आणि मी ती मुठीत आवळून धरली. टोपी परत वर आली. हात होडीला. माणूस ओरडत होता, ते वाऱ्यावर आमच्यापर्यंत येत होतं. वनमाला पाण्याच्या दिशेने चालायला लागली, लुगडं भिजतंय याची शुद्ध नाही. मी तिचा दंड धरला.

मग टोपी होडीपासून सुटली. हळूहळू, एक हात, दुसरा हात. एक तास सात मिनिटांनी नितेश वाळूवर आला, उजवा पाय ओढत, ओठ पांढरे. आईसमोर येऊन थांबला. धापा टाकत होता. त्याची छाती हलताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"गोळा आलेला, आये. तो वर चढ वर चढ बोंबलत व्हता." त्याने दोन्ही हात पुढे केले. "हातच लावले. आईशप्पत. पाय नाय लावला."

वनमालाने त्याच्या कानाखाली अशी लगावली की बाजूचे दोन स्पर्धक थांबले.

"लावायचा व्हतास ना, मेल्या!" तिचा आवाज फाटला. "लावायचा व्हतास! एकवीरा आईला काय सांगायचं ते मी सांगितलं असतं!"

त्याचं पाणी टिपायला तिच्याकडे कोरडं काही नव्हतं. भिजलेल्या पदरानेच तोंड पुसलं त्याचं, जोरजोरात, लहान पोराचं पुसतात तसं. तो पुसू देत उभा राहिला. घड्याळ चालू होतं, सायकल तिथे वाट बघत होती, आणि मी, जिने आयुष्यभर कोणाला उभं राहू दिलं नाही, मला "पळ" म्हणवेना.

शेवटी तिनेच त्याला ढकललं.